थांब्यावर पडलेली सायकल घाटात अडते

हिवाळ्यातील रविवारची पहाट. बीड शहरातून निघालेला चाळीस सायकलस्वारांचा जथा सोलापूरच्या दिशेने पालीपर्यंत येतो, तेव्हा नुकते उजाडू लागलेले असते. पुढे मांजरसुंब्याचा घाट आहे. घाट चढण्यापूर्वी चहा घ्यावा, हा विचार सर्वांच्या मनात एकाच वेळी येतो आणि रस्त्याकडेच्या एका छोट्या हॉटेलासमोर सगळे थांबतात. पहिला सायकलस्वार हॉटेलच्या भिंतीला सायकल टेकवतो. दुसरा त्याच्या सायकलीला आपली टेकवतो, तिसरा दुसऱ्याच्या. पाच मिनिटांत भिंतीशी सायकलींचा ढीग उभा राहतो. चहा होतो. ज्याने सर्वांत आधी सायकल लावली, त्यालाच सर्वांत आधी निघायचे असते. तो आपली सायकल ओढतो आणि बाहेरच्या पाच-सहा सायकली एकीमागून एक जमिनीवर आडव्या होतात. ‘काही झाले नाही ना?’ असे कोणीतरी विचारते. ‘नाही, काही नाही,’ असे कोणीतरी म्हणते. धूळ झटकली जाते आणि जथा मार्गी लागतो.

अर्ध्या तासाने घाटाच्या चढावर एकजण सर्वांत हलका गिअर टाकतो. कर्रकन आवाज होतो, मागचे चाक जागीच अडकते आणि गिअरची यंत्रणा चाकाच्या आऱ्यांत जाऊन बसलेली दिसते. त्याची फेरी तेथेच संपते. आपल्या सायकलीला घाटात काहीतरी झाले, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ती चहाच्या वेळीच बिघडलेली असते. घाटात केवळ तिचा बिघाड उघडकीस येतो.

सामूहिक सायकलफेऱ्यांत असे प्रसंग नवे नाहीत. शहराशहरांत सायकलस्वारांचे गट तयार झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केल्यापासून त्या दिवशीच्या फेऱ्यांचीही भर पडली आहे. संयोजक मार्ग ठरवतात, हेल्मेटची सक्ती करतात, पाण्याची व प्रथमोपचाराची सोय करतात. मात्र थांब्यावर सायकली कोठे व कशा उभ्या राहतील, याचा विचार बहुधा कोणी केलेला नसतो. सायकल रस्त्यावर असते तेव्हा स्वाराचे तिच्याकडे पूर्ण लक्ष असते. थांब्यावर ते लक्ष चहाच्या कपाकडे वळते. म्हणूनच जे नुकसान टाळणे सर्वांत सोपे, तेच सर्वाधिक वेळा घडते.

नेमके काय बिघडते?

सायकलची उजवी बाजू ही तिची नाजूक बाजू होय. चेन, दातेरी चकत्या आणि मागचा गिअर बदलणारी यंत्रणा उजवीकडे असते. ही यंत्रणा सायकलच्या सांगाड्याला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेली असते, त्याला ‘हँगर’ म्हणतात. आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत हा तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा असून तो वेगळा काढता येतो. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, कारण मार बसल्यास तो वाकावा किंवा तुटावा आणि महागडा सांगाडा वाचावा, अशी त्यामागची योजना आहे. सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला आघात या यंत्रणेवर होतो आणि हँगर आत वाकतो.

हे वाकणे सहज दिसत नाही. दहा किंवा अकरा गिअरच्या सायकलींत शेजारशेजारच्या दोन चकत्यांमधील अंतर चार मिलिमीटरच्या आत असते. त्यामुळे हँगर दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी चेन आपल्या जागी बसत नाही. सपाट रस्त्यावर मधल्या गिअरमध्ये केवळ थोडी खडखड ऐकू येते. चढावर मात्र स्वार सर्वांत मोठ्या चकतीवर चेन नेतो. ही चकती आऱ्यांना अगदी लागून असते. आत वाकलेली यंत्रणा तेव्हा आऱ्यांत शिरते. घाटातच सायकल अडते, ती यामुळे.

दुसरे नाजूक स्थान म्हणजे कार्बन फायबरचा सांगाडा. कार्बनचे थर विशिष्ट दिशांचा ताण पेलण्यासाठी रचलेले असतात. स्वाराचे वजन आणि खड्ड्यांचे धक्के ते उत्तम सोसतात. पण दुसऱ्या सायकलीच्या हँडलचे टोक किंवा पेडल आडव्या नळीवर एकाच बिंदूत आदळले, तर तिची पातळ भिंत तडकू शकते. लोखंडी नळीला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनची इजा मात्र रंगाखाली लपून राहू शकते. अशी तडक पुढच्या चिमट्यात असेल आणि तो उतारावर निखळला, तर प्रश्न खर्चाचा राहत नाही, जिवाचा होतो. आडव्या नळीवर बसून गप्पा मारण्याची सवयही याच कारणाने सोडलेली बरी.

तिसरी गोष्ट डिस्क ब्रेकची. ब्रेकची गोल पोलादी चकती जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची असते. शेजारच्या सायकलीचे पेडल तिच्यात अडकले आणि ती ओढून काढली, की चकती वाकते व प्रत्येक फेऱ्याला ब्रेकला घासू लागते. साध्या सायकलीही यातून सुटत नाहीत. वाकलेले मडगार्ड, फिरलेले हँडल, तुटलेली घंटी आणि तिरपे झालेले पेडल ही त्यांची नेहमीची दुखणी होत.

पुणे किंवा मुंबईसारख्या शहरात असा बिघाड झाला, तर संध्याकाळपर्यंत दुरुस्तीची आशा असते. बीड जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी मात्र पंक्चर काढणारे, आरे बसवणारे कुशल कारागीर भेटले तरी विशिष्ट बनावटीच्या सायकलीचा हँगर त्यांच्याकडे असेलच असे नाही. प्रत्येक कंपनीचा, किंबहुना प्रत्येक नमुन्याचा हँगर वेगळा असतो. म्हणून लांबच्या फेरीला निघताना आपल्या सायकलीचा एक जादा हँगर पिशवीत ठेवावा. तो मुठीत मावतो आणि घरी परतण्याची हमी देतो.

गर्दी, घाई आणि एकच भिंत

थांब्यावर सायकली पडतात, त्याला कोणा एकाचा निष्काळजीपणा क्वचितच कारणीभूत असतो. मूळ अडचण जागेची आणि वेळेची असते. एका सायकलीला उभे राहण्यासाठी साधारण अर्धा मीटर रुंदी लागते. चाळीस सायकली म्हणजे वीस मीटर. रस्त्याकडेच्या हॉटेलची भिंत पाच-सात मीटरांहून मोठी क्वचितच असते, आणि त्यातही दार, पाण्याचा रांजण व बाकडी असतात. उरलेल्या सायकली एकमेकींवर रेलणार, हे गणितानेच ठरलेले असते.

त्यात घाईची भर पडते. लांब पल्ल्याच्या ‘बीआरएम’ फेऱ्यांचे उदाहरण घ्या. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० साठी ४० तास अशी मुदत असते आणि थांब्यांचा वेळही त्यातच धरला जातो. नियंत्रण थांब्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा, पाणी भरायचे, चार घास खायचे आणि निघायचे. थकलेला, भुकेलेला माणूस सायकल जेथे टेकेल तेथे टेकवतो. मुदतीचे बंधन नसलेल्या हौशी फेरीतही हा स्वभाव बदलत नाही.

तिसरे कारण सायकलींमधील फरकाचे. एकाच फेरीत वीस किलोच्या आसपास वजनाची लोखंडी सायकल आणि आठ-नऊ किलोंची कार्बनची सायकल शेजारी असतात. जड सायकल हलकीवर रेलली, की नुकसान कोणाचे होणार हे सांगायला नको. यात गरीब-श्रीमंत असा भेद करण्याचे कारण नाही. रोज शाळेत किंवा कामावर नेणारी सायकल मोडली, तर तिच्या मालकाचे दुसऱ्या दिवशीचे जाणे-येणेच थांबते. त्याचे नुकसान लाखाच्या सायकलीपेक्षा लहान मानता येत नाही.

शिस्त आपल्याला ठाऊक आहे

समूहाने चालणे आणि समूहाने थांबणे ही गोष्ट या जिल्ह्याला शिकवावी लागावी, असे नाही. आषाढी वारीसाठी मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी आणि शेगावहून निघणारी संत गजानन महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते. वारीच्या मोठ्या पालखी सोहळ्यांत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, चालताना तिची जागा ठरलेली असते आणि विसाव्याच्या ठिकाणी चोपदाराचा शब्द पाळला जातो. हजारो माणसे लहानशा गावात शिरतात आणि घटकाभराने पुन्हा त्याच क्रमाने बाहेर पडतात. ही व्यवस्था जागा आधी ठरवलेली असल्यामुळेच चालते. सायकलींच्या जगातही ती रुजू लागली आहे. नाशिकहून दरवर्षी मोठ्या संख्येने सायकलस्वार पंढरपूरला सायकल वारी घेऊन जातात. इतक्या सायकली मुक्कामी उतरवायच्या, तर आधी जागा ठरवण्याला पर्याय नसतो.

खेळाच्या क्षेत्रातही हेच तत्त्व दिसते. पोहणे, सायकल चालवणे व धावणे यांची मिळून होणारी ट्रायथलॉन स्पर्धा २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. तीत प्रत्येक स्पर्धकाला सायकल लावण्यासाठी क्रमांकाची जागा दिलेली असते आणि सायकल त्याच जागी परत न लावल्यास शिक्षा होते. सेकंदांची लढाई असलेल्या स्पर्धेत हा नियम चालतो, तर रविवारच्या चहाला तो जड जाऊ नये.

जागा कशी निवडावी?

थांबा आदल्या दिवशीच ठरवावा आणि शक्य असल्यास पाहून यावा. पहिली अट अशी, की थांबा जाण्याच्या दिशेने डाव्या हाताला असावा. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ सारख्या वाहत्या रस्त्यावर चाळीस जणांनी सायकली हातात धरून पलीकडे जाणे, हा धोका चहासाठी पत्करण्याजोगा नाही.

दुसरी अट मोकळ्या, घट्ट जमिनीची. धाब्याच्या अंगणात ट्रक मागे घेतले जातात आणि चालकाला मागे, खाली टेकवलेली सायकल दिसत नाही. ऊसतोडीच्या हंगामात माजलगाव, अंबाजोगाई भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या जोड ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. या ट्रॉल्या वळताना आतली बाजू कापत जातात आणि भरलेला ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो. वाहने जेथे वळतात किंवा मागे येतात, त्या बाजूला एकही सायकल असू नये. शाळेचे पटांगण, मंदिराबाहेरील मोकळी जागा, मंगल कार्यालयाचे आवार किंवा बाजाराचा दिवस नसेल तर बाजारतळ ही ठिकाणे हॉटेलच्या दारापेक्षा अधिक सोयीची. तेथे चहा किटलीतून मागवता येतो. अर्थात परवानगी आधी घ्यावी. हॉटेलमालकालाही आदल्या दिवशी संख्या सांगितली, तर तो स्वतःच जागा मोकळी करून देतो. त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक अडत नाही आणि आपली सायकलही कोणी पायाने सरकवत नाही.

तिसरी अट घाटाची. शक्य असेल तेथे मोठा थांबा चढ संपल्यावर घ्यावा, घाटाच्या तोंडाशी नको. चढ संपल्यावर जथा विखुरलेला येतो, सगळे एका मिनिटात दाखल होत नाहीत, त्यामुळे सायकली नीट लावायला उसंत मिळते. पायथ्याशी थांबणे अटळ असेल, तर निघण्यापूर्वी गिअर तपासण्याचा नियम करावा. त्याविषयी पुढे येईलच.

पावसाळ्यात कपिलधार किंवा सौताडा येथील धबधब्यांकडे जाणाऱ्या फेऱ्यांसाठी आणखी एक सूचना. ओल्या काळ्या मातीत स्टँड खचतो आणि दहा मिनिटांनी सायकल आपोआप आडवी होते. स्टँडखाली तळहाताएवढा चपटा दगड ठेवला की हे टळते. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी असून कार्तिक पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. अशा दिवशी तेथे सायकलींचा थांबा ठेवू नये, हे उत्तम.

सायकल कशी उभी करावी?

थांब्यावर पोहोचण्याआधीच सर्वांत हलका गिअर टाकावा. चेन मोठ्या चकतीवर गेली की मागची यंत्रणा आतल्या बाजूला सरकते आणि धक्क्याच्या वाटेतून थोडी दूर होते. पुन्हा निघतानाही हलकाच गिअर हवा असतो.

भिंतीला टेकवताना सायकलीची डावी बाजू भिंतीकडे असावी, म्हणजे यंत्रणा मोकळी राहते आणि शेजारच्याला ती दिसते. चाके भिंतीपासून एक-दीड वीत दूर ठेवावीत आणि सीट व हँडल या दोन ठिकाणी सायकल टेकू द्यावी. केवळ आडवी नळी खांबाला टेकवली, तर सायकल पुढेमागे घरंगळते आणि नळीही खरवडते. घरंगळणे थांबवण्याचा फुकटचा उपाय म्हणजे जुन्या ट्यूबचे बोटभर रुंदीचे कडे. ते हँडलवरून ब्रेकच्या लिव्हरवर ताणून बसवले, की पुढचा ब्रेक दाबलेला राहतो आणि सायकल जागची हलत नाही. पंक्चरच्या दुकानात टाकून दिलेल्या एका ट्यूबमधून साऱ्या गटाला पुरतील इतकी कडी निघतात.

भिंत नसेल आणि सायकलीला स्टँडही नसेल, तर ती सरळ जमिनीवर आडवी ठेवावी, मात्र डाव्या अंगावर. आडवी ठेवलेली सायकल दिसायला बरी दिसत नाही, पण ती आता पडू शकत नाही. आडव्या सायकलींच्या ओळीतून कोणी चालत जाणार नाही, एवढे पाहावे. सायकल उलटी करून सीट व हँडलवर उभी करण्याची पद्धत साध्या सायकलीला चालते. हायड्रॉलिक ब्रेकच्या सायकलीत मात्र तसे केल्यास टाकीतील हवा नळीत शिरून ब्रेक ढिला पडू शकतो.

दुसऱ्याच्या सायकलीला आपली सायकल टेकवू नये, हा नियम फेरीच्या सुरुवातीलाच सर्वांना सांगावा. जागाच अपुरी असेल, तर फार तर दोघांनी ठरवून एकमेकांशेजारी लावावी. अशा वेळी दोन्ही सायकलींची तोंडे विरुद्ध दिशांना असावीत, म्हणजे हँडलमध्ये हँडल अडकत नाही. जो शेवटी लावेल त्याने आधी काढावी आणि दुसऱ्याची सायकल हलवायची झाल्यास मालकाला हाक मारावी. स्टँडच्या जड सायकलींची ओळ वेगळी आणि बिनस्टँडच्या हलक्या सायकलींची वेगळी, एवढी विभागणी केली तरी निम्मी कटकट मिटते.

दोन तिकाटण्यांवर एक बांबू

संख्या मोठी असेल, तर संयोजकांनी रॅकची सोय करावी. त्यासाठी तयार लोखंडी रॅक भाड्याने आणण्याची गरज नाही. तीन काठ्या वरच्या टोकाशी बांधून केलेल्या दोन तिकाटण्या, त्यांवर आडवा टाकलेला पक्का बांबू आणि बांधायला सुताची दोरी, एवढे साहित्य पुरते. बांबू साधारण एक मीटर उंचीवर येतो. सायकल मागे ढकलून सीटचे टोक बांबूवर अडकवले, की मागचे चाक किंचित अधांतरी राहते आणि पुढचे चाक जमिनीवर टेकते. अशी टांगलेली सायकल वाऱ्याने पडत नाही. एकाआड एक सायकली विरुद्ध बाजूंनी लावल्या, तर पाच मीटरच्या बांबूवर दहा सायकली सहज मावतात. बांबू मध्ये वाकू नये म्हणून दर अडीच मीटरला एक टेकू द्यावा. मांडववाल्याकडे हे सारे असते आणि बरोबरच्या टेम्पोत ते मावते.

जेथे क्रमांकाचे बिल्ले दिले जातात, तेथे बांबूवर खडूने तेच क्रमांक लिहावेत. सायकल शोधताना होणारी ओढाताण त्यामुळे थांबते.

सराटे, ऊन आणि वारा

मराठवाड्यातील थांब्याला काही खास शत्रू आहेत. त्यांतला पहिला सराटा. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेच्या मोकळ्या जमिनीवर ही वेल पसरते आणि तिची काटेरी फळे वाळून मातीत मिसळतात. वेड्या बाभळीचे काटे तर बारमाही. सराटा टायरमध्ये रुततो, पण लगेच ट्यूबपर्यंत पोहोचत नाही; चाक फिरते तसा तो आत सरकत जातो. म्हणून पंक्चर थांब्यावर न दिसता दोन-चार किलोमीटर पुढे गेल्यावर दिसते. सायकल डांबर, फरशी किंवा कोबा असलेल्या जागेवरच लावावी. मातीवरून आणावी लागली, तर ती उचलून आणावी. निघताना मागचे-पुढचे चाक एकदा फिरवून, जाड हातमोजा टायरवर हलकेच टेकवला, तर रुतलेला काटा हाताला लागतो. ट्यूब असलेल्या टायरमधून तो तेथेच काढून टाकावा.

दुसरा शत्रू ऊन. पहाटे १५ अंश तापमानाला १०० पीएसआय दाबाने भरलेले टायर उन्हात ४५ अंशांपर्यंत तापले, तर वायूच्या साध्या नियमाने आतील दाब सुमारे ११२ पीएसआय होतो. चांगले टायर एवढा दाब सोसते. पण जुने, कापलेले किंवा ठिगळ लावलेले टायर-ट्यूब अशा वेळी दगा देऊ शकते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या भिंतीशी सायकल उभी करू नये. सावली शोधताना ती एका तासाने कोठे सरकेल, हेही पाहावे.

तिसरा वारा. बालाघाटच्या पठारावर जागोजागी पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच तेथील वाऱ्याची कल्पना यावी. त्यात महामार्गावरून वेगाने जाणाऱ्या ट्रकचा झोत येतो. हलकी सायकल त्याने सहज कलंडते. रस्त्याच्या कडेपासून सायकलींची ओळ काही पावले आत असावी आणि भिंतीच्या आडोशाची बाजू निवडावी.

राखण आणि गावची मुले

थांब्यावर एकजण सायकलींपाशी उभा राहिलाच पाहिजे. ही पाळी दहा मिनिटांची असावी आणि कोणाची पाळी कधी, हे निघतानाच ठरलेले असावे. राखण करणाऱ्याचा चहा त्याच्या हातात आणून द्यावा, म्हणजे पाळी कोणी टाळत नाही. त्याचे काम चोरांवर नजर ठेवण्यापुरते नसते. मागे येणारा ट्रक थांबवणे, चरत आलेली गुरे वळवणे, कलंडू लागलेली सायकल सावरणे आणि उशिरा आलेल्याला जागा दाखवणे, ही त्याची मुख्य कामे होत.

गावातील मुले सायकलींभोवती जमणार, हे गृहीत धरावे. गिअरच्या सायकलीचे त्यांना आकर्षण असते आणि ते स्वाभाविकही आहे. उभ्या सायकलीचा गिअर कोणी खटाखट बदलला, तर निघताना पहिल्याच पेडलला चेन उसळते किंवा निसटते. मुलांना हाकलण्याने हे थांबत नाही. पाठ वळताच ती परत येतात. त्यापेक्षा राखणदाराने एक सायकल त्यांना दाखवावी, मागचे चाक उचलून गिअर कसा बदलतो ते समजावून सांगावे आणि त्यांतल्याच दोघा-तिघांना राखणीला घ्यावे. ज्याच्यावर विश्वास टाकला, तो मुलगा इतरांना सायकलीजवळ येऊ देत नाही. शिवाय सायकल कशी चालते हे त्याला कळते, हा फेरीचा एक चांगला उपयोग म्हणायला हरकत नाही.

मुक्काम असेल, तर सायकली खोलीत किंवा बंद आवारात घ्याव्यात आणि लांब साखळी सर्व सायकलींच्या सांगाड्यांतून ओवून एकत्र कुलूप लावावे. अंधारात बाहेर येणाऱ्याचा पाय अडकू नये, म्हणून ओळीच्या दोन्ही टोकांना दिवा असावा.

पडलीच तर

एवढी काळजी घेऊनही सायकल पडते. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे ती उचलून मुकाट्याने पुन्हा उभी करून ठेवू नये. ज्याच्याकडून पडली त्याने मालकाला सांगावे आणि दोघांनी मिळून तपासावी. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात.

सायकलीच्या मागे बसून पाहावे. गिअरच्या यंत्रणेतील दोन छोटी चाके एकाखाली एक, उभ्या रेषेत असली पाहिजेत. खालचे चाक आऱ्यांकडे झुकलेले दिसले, तर हँगर वाकला आहे असे समजावे. नंतर मागचे चाक उचलून, पेडल हाताने सावकाश फिरवत एकेक गिअर बदलावा. सर्वांत मोठ्या चकतीवर जाताना यंत्रणा आणि आरे यांमध्ये फट राहते की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. चाक मोकळे फिरवून ते डुगडुगते का, ब्रेकची चकती घासते का, हे ऐकावे. हँडल पुढच्या चाकाशी काटकोनात आहे का, ब्रेकचे लिव्हर फिरले आहेत का, तेही पाहावे. कार्बनची सायकल असेल, तर मार बसलेल्या जागेवरून ओले फडके फिरवून रेघ दिसते का ते शोधावे आणि नाण्याने हलके ठोकून पाहावे. शेजारच्या भागापेक्षा आवाज बद्द येत असेल, तर ती सायकल टेम्पोत चढवावी. येथे संशयाचा फायदा सायकलीला देऊ नये.

हँगर थोडाच वाकला असेल, तर मोठ्या एक-दोन चकत्या वर्ज्य करून सावकाश घरी येता येते. घाटात सायकल हातात धरून चालावे. तो हाताने पुन्हा पुन्हा सरळ करण्याच्या फंदात पडू नये. अ‍ॅल्युमिनियम असे वाकवल्याने तडकते आणि मग तेही राहत नाही.

राहता राहिला भरपाईचा प्रश्न. गटांमध्ये कटुता येते ती बहुतेक वेळा याच ठिकाणी. सायकली एकावर एक रेललेल्या असताना कोणाच्या हातून कोणाची पडली, हे ठरवणे अशक्य होते आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहतो. प्रत्येक सायकल स्वतंत्र उभी असेल, तर हा वादच उद्भवत नाही. तरीही संयोजकांनी नावनोंदणीच्या वेळीच नियम लिहून द्यावा. ज्याच्या हातून पडली त्याने सांगायचे, आणि थांब्यावरील किरकोळ दुरुस्तीचा खर्च नोंदणी शुल्कातून राखलेल्या सामायिक निधीतून करायचा. सांगितले तर खिशाला भुर्दंड बसणार नाही, याची खात्री असली की माणसे सांगतात. आणि सांगितले गेले, तरच मागे राहिलेला स्वार पालीच्या चहाच्या दुकानापाशी आपला वाकलेला हँगर पाहू शकतो, मांजरसुंब्याच्या वळणावर नव्हे.

पुढच्या फेरीच्या सूचनापत्रकात हेल्मेट, पाणी व ओळखपत्र यांच्याखाली एक ओळ वाढवावी, एवढीच संयोजकांना विनंती. थांबा कोठे आहे, सायकली कशावर उभ्या राहतील आणि राखणीची पहिली पाळी कोणाची, हे तीत लिहावे.